बोअरचा चुरा फेकून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या बैठकांत पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा विषय निघतो. कंत्राटदार येतो, पार्किंगच्या कोपऱ्यात शोषखड्डा होतो, गच्चीचे पाइप त्यात सोडले जातात. चांगलंच काम आहे. पण त्या खड्ड्याखाली कोणता खडक आहे, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. मी उमेदीची वर्षं पुण्यात आणि आसपास बोअरच्या गाडीवर काढली आहेत, म्हणून हे पत्र.

बोअर मारताना आधी तांबूस मुरूम निघतो. तो भुसभुशीत, ढासळणारा, म्हणून तिथवर केसिंग, म्हणजे बोअरची भिंत धरणारा पाइप टाकतात. मग काळा पाषाण लागतो. हातोड्याचा आवाज बदलतो, वेग मंदावतो आणि राखाडी धुरळा उडून आजूबाजूच्या झाडांवर, बाल्कन्यांवर बसतो. त्याखाली कधी मांजऱ्या खडक येतो. त्याचा चुरा हातात घेतला तर पांढरे, हिरवट स्फटिकांचे तुकडे चमकतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या खनिजांनी भरल्या, त्यांचे हे तुकडे. दोन थरांच्या सांध्यात कुठे गेरूसारखी लाल माती निघते. आणि मग एकाएकी धुरळा थांबतो. चुरा ओला होऊन गोळ्यागोळ्यांनी बाहेर पडू लागतो, तेव्हा भेग जवळ आली म्हणून समजावं.

पुण्याखालचं पाणी या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या खडकातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यातला अखंड पाषाण पाणी जवळजवळ धरतच नाही. जिथे खडक पाणी धरतो, तिथेही शंभर लिटर खडकातून उपसता येईल असं पाणी दोन-तीन लिटरच. म्हणून आपलं भूजल चांगल्या पावसात लवकर भरतं आणि उपशाने तितक्याच लवकर रितं होतं. मग लोक पाचशे-सहाशे फूट खाली जातात. तिथे पाणी लागलं तरी त्या भेगेपर्यंत पाऊस फार सावकाश पोचतो, उपसा मात्र रोजचा. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने साठ मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढे खोल विहिरीची रेघ ओढली आहे, ती उगाच नाही.

एका सोसायटीचा शोषखड्डा अखंड काळ्या पाषाणात खणलेला मी पाहिला. पाणी दिवाळीपर्यंत तसंच तुंबलेलं, वर डासांच्या अळ्या. पैसे खर्च झाले, पाणी कुठेच गेलं नाही. त्याच गल्लीतली जुनी, बिनवापराची आडविहीर मुरमात होती आणि तिच्या भिंतीतून झरे आत येताना दिसत होते. गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडलं असतं, तर ते त्याच वाटांनी आसपास मुरलं असतं.

पाणी थोडंथोडकं नसतं. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर सात लाख लिटर होतात. वाया जाणारं सोडलं तरी दहा हजार लिटरच्या टँकरने मोजता पन्नासहून अधिक टँकर. मात्र हे पाणी गच्चीचंच हवं, पहिल्या पावसाचं काळं पाणी बाहेर सोडून दिलेलं आणि नंतरचं गाळलेलं. पार्किंगमधलं तेलकट किंवा गटाराजवळचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. मातीतून मुरताना जी गाळणी होते ती बोअरमध्ये होत नाही. घाण थेट भेगेत उतरते आणि शेजाऱ्याच्या बोअरमधून वर येते.

आणि हे पाणी एकट्या सोसायटीचं राहत नाही. मुरलेलं पाणी उतार धरून सरकतं, ओढ्यांत-नद्यांत बाहेर येतं. पाऊस सरल्यावर ओढा वाहतो तो त्याच्याच जिवावर. बावधनला राम नदीच्या काठी झरा आहे, तोही असाच वरच्या उतारांवरच्या पावसावर. वेताळ टेकडीसारख्या जागा माझ्या लेखी पाणी जमिनीत उतरायची दारं आहेत. टेकडीवर काँक्रीट ओतायचा विचार करणाऱ्यांनी आधी पायथ्याच्या विहिरींकडे पाहावं.

आता मागणी. शहरात जितके बोअर झाले तितक्या ठिकाणी जमिनीच्या पोटात काय आहे ते उघड झालं होतं, आणि चुऱ्याबरोबर ते फेकून दिलं गेलं. पाणाड्याला पैसे मोजले जातात, थरांची नोंद कुणी मागत नाही. यापुढे प्रत्येक बोअरच्या बिलासोबत कागद घ्यावा: किती फुटांपर्यंत मुरूम, कुठे पाषाण, कुठे मांजऱ्या, कुठे ओल, किती इंची पाणी, म्हणजे त्याला जोर किती. दर दहा फुटांचा मूठभर चुरा पिशवीत, वर फुटांचा आकडा. हे काम गाडीवरचा पोरगा सहज करतो. कागदाची एक प्रत महापालिकेकडे आणि एक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जावी. तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. शोषखड्ड्याला मंजुरी देताना हा कागद पाहावा.

माझ्या जुन्या वह्यांत बऱ्याच बोअरच्या अशा नोंदी आहेत. यंत्रणेला किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला हव्या असतील, तर मूळ वह्या देईन. काही पानांवर चिखलाचे डाग आहेत. अक्षर लागणार नाही तिथे शेजारी बसून वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बोअरवेल चालक
धायरी, पुणे