तंबूतली पोरं आणि रात्रीचा आवाज

संपादक महोदय,

मे महिन्यात गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात ख्रिस्ती गाण्यांच्या एका महोत्सवाला शेजाऱ्यांबरोबर आम्हीपण गेलो, पाच वर्षांची मुलगी नि दोन वर्षांचा मुलगा घेऊन, दोन रात्री तंबूत. घुमट, म्हणजे आपलं मडक्यासारखं मातीचं वाद्य, वाजायला लागलं की धाकटा डबा बडवत नाचायचा, मजाच! पण सकाळी सातलाच तंबूची भट्टी होते, माडाखाली लावावा तर डोक्यावर नारळ, शेवटी आंब्याखाली हलवला. तेही चाललं असतं हो, पण रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे ना? खास परवानगी असेलही, पण साडेअकरापर्यंत पोरं रडत होती त्याचं काय. निदान लहान मुलंवाल्यांचे तंबू स्टेजपासून लांब, नळाजवळ द्या.

एक आई, फोंडा