रेवाच्या कॉलेजांची यादी : आई-बाबांना पत्र

मुलुंड, मुंबई
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हा विषय अर्धवट ऐकून चालणारा नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. दादाला सांगून मोठ्या अक्षरांत छापून घ्या. दादाच्या रेवाचा एमबीबीएस प्रवेशाचा पसंतीक्रम (कॉलेजांची क्रमवार यादी) भरायला बसाल तेव्हा हा कागद शेजारी असू दे.

बाबा, तुमचं म्हणणं मला कळलं. चारच नावं भरायची: केईएम, सायन, नायर, जे.जे. त्यातलं काही लागलं नाही तर एफडी मोडायची आणि नवी मुंबईतलं अभिमत (डीम्ड) विद्यापीठ घ्यायचं, म्हणजे पोरगी घरून येऊन-जाऊन करेल. मला यातलं काहीच पटत नाही. सरकारी नावं चार नाही, चाळीस भरायची. आणि अभिमतचं एकही भरायचं नाही. का, ते सांगते.

आधी आपल्या मुंबईचा हिशेब बघा. जे.जे. २५०, केईएम २५०, सायन २००, कूपर २००, नायर १५०. मिळून १०५० जागा. दिसायला भरपूर. यातल्या १५ टक्के, म्हणजे साधारण १५७, अखिल भारतीय कोट्यात जातात. उरल्या ८९२. त्यात आपल्या ओबीसी प्रवर्गाला १९ टक्के, म्हणजे १६९ च्या आसपास. आणि या १६९ वर एकट्या मुंबईतल्या मुलांचा हक्क नाही, अख्ख्या महाराष्ट्रातली ओबीसी मुलं त्याच रांगेत आहेत. गुणवत्तेवर खुल्या जागेतूनही रेवाला मिळू शकतं, पण तिथली रांग आणखी मोठी. तुमच्या डोक्यात अजून ७०:३० आहे. आपल्या विभागातल्या मुलांना आपल्या विभागात ७० टक्के जागा मिळायच्या, ती पद्धत २०२० मध्ये बंद झाली. आता लातूरची मुलगी आणि लालबागची मुलगी केईएमसाठी एकाच यादीत. म्हणून फक्त चार नावं भरणं म्हणजे वर्ष पणाला लावणं आहे.

आता यादी कशी चालते ते. आई, तू विचारलंस ना, की पहिल्या नंबरला केईएम टाकलं आणि ते मिळालं नाही, तर दुसऱ्या नंबरचं कॉलेज 'आम्हाला आधी का नाही मागितलंत' म्हणून मागे टाकणार नाही का? नाही टाकत. ही वाटणी कॉलेज करत नाही, गुणवत्ता यादी करते. संगणक एका वेळी एक मूल घेतो, सगळ्यात वरच्या रँकपासून. रेवाचा नंबर आला की तिची यादी वरून खाली वाचतो. केईएममध्ये तिच्या प्रवर्गाची जागा उरली आहे? नाही. पुढचं नाव. तिथे उरली आहे? नाही. पुढचं. जिथे पहिल्यांदा जागा दिसते, ती तिची. मिरज अठराव्या नंबरवर असलं तरी मिरजेतला तिचा हक्क पहिल्या नंबरवर लिहिण्याइतकाच राहतो. त्यामुळे 'मिळेल तेच वर लिहू' ही लोकांची चाल फसवी आहे. त्यात हातचं चांगलं कॉलेज जातं, बदल्यात काहीच मिळत नाही. मनातला खरा क्रम लिहायचा, बस.

आणि नावं कितीही भरता येतात, जास्त भरली म्हणून जास्त पैसे पडत नाहीत. मग मर्यादा कशाची? एकच: मिळालं तर रेवा उद्या बॅग घेऊन तिथे जाईल का? उत्तर हो असेल तर नाव यादीत, मग ते कितीही खाली का असेना. नाही असेल तर नाव नको. पहिल्या फेरीत सोडून देणं तसं सोपं असतं, पण पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारली की अनामत जाते, आणि तिसऱ्या फेरीत अखिल भारतीय कोट्यातून बाहेर पडावं लागतं. न जायच्या कॉलेजचं नाव तेव्हा महागात पडतं.

रँक बघायची, गुण नाही. शेजारचे काका '६२० ला केईएम लागलं होतं' असलं काही सांगतील, ते डोक्यातून काढून टाका. २०२४ च्या 'नीट' परीक्षेत आधी ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ झाले. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. एकाच गुणाचा दोन वर्षांत अर्थच वेगळा. सीईटी सेलच्या (राज्यातले प्रवेश तोच करतो) संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची निवड यादी पीडीएफमध्ये असते: कॉलेज, मुलाची अखिल भारतीय रँक, प्रवर्ग, कुठल्या जागेतून मिळाली. एक वही घ्या. प्रत्येक कॉलेजपुढे ओबीसीतला शेवटचा रँक लिहा, पहिल्या फेरीचा वेगळा आणि शेवटच्या फेरीचा वेगळा. निदान दोन वर्षांचं लिहा, कारण आकडे हलतात. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी महाविद्यालयं सुरू झाली आणि त्याच वर्षी एसईबीसीचे (मराठा आरक्षणाचे) १० टक्केही लागू झाले. अशा बदलांनी रांगा सरकतात. ही वही रेवाने स्वतः लिहावी. दोन संध्याकाळी लागतील, पण मग रात्री दोन वाजता व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या अंदाजांना कुणी घाबरणार नाही.

वहीतून यादी अशी करा. ज्यांच्या जागा तिच्या रँकपेक्षा खूप वरच्या रँकलाच संपल्या ती कॉलेजं आवडीची असतील तर सगळ्यात वर लिहा, त्याने नुकसान शून्य. मग तिच्या आसपासची. मग तिच्या रँकनंतरही बऱ्याच मुलांना मिळालेली. राज्यात सरकारी आणि महापालिकेची मिळून चाळीसच्या घरात आहेत, ती सगळी या तीन थरांत बसतील. क्रम लावताना अंतर हा पहिला मुद्दा करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. हॉस्पिटल किती चालतं ते आधी बघा: ओपीडीत रोज किती पेशंट, किती खाटा भरलेल्या, त्या कॉलेजात पीजीच्या जागा आहेत का, पहिली तुकडी इंटर्नशिप करून बाहेर पडली का. २०२४ ला सुरू झालेल्या कॉलेजांची पहिली तुकडी साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप धरून २०३० च्या आसपास बाहेर पडेल. ती वाईटच असतात असं नाही, पण मिरज, सोलापूर, नागपूर, संभाजीनगर ही जुनी नावं त्यांच्या वर हवीत. आई, तुला सिंधुदुर्गाचं ओरोसचं आवडेल, गावाला जवळ म्हणून. ते २०२१ चं आहे. यादीत ठेवू, पण मिरजेच्या खाली.

मुंबईतल्यांचा आपसांतला क्रम सोपा आहे. केईएम घरून चालत. जे.जे. ला करी रोडहून दोन स्टेशनं, भायखळा. सायन चौथं स्टेशन. नायर मुंबई सेंट्रलला, बसने. कूपरला प्रभादेवीला जाऊन वेस्टर्न पकडावी लागेल, तेही रोजचं जमण्यासारखं आहे. आणि ठाणे महापालिकेचं कळवा विसरू नका. मुलुंडहून दोन स्टेशनं, रेवा माझ्याकडे राहील. एक मात्र लक्षात ठेवा. घर मुंबईत असलं म्हणून होस्टेल नको असं नसतं. दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात, आणि इंटर्नशिपला तर रात्रभर ड्यूटी. मुंबईच्या मुलीला खोली मिळेलच असं गृहीत धरू नका, प्रवेशाच्या दिवशीच चौकशी करा.

नावांचा घोळ मला सगळ्यात जास्त सतावतो. यादीत 'ग्रँट गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज' म्हणजे आपलं जे.जे., १८४५ चं, २५० जागा. आणि 'गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, मुंबई' म्हणजे जी.टी. आणि कामा हॉस्पिटलचं, २०२४ ला सुरू झालेलं, ५० जागांचं. वरखाली झालं तर कळणारही नाही. नागपूरलाही दोन सरकारी आहेत, मेयो आणि मेडिकल. अखिल भारतीय यादीत बी. जे. पुण्यालाही आहे आणि अहमदाबादलाही. म्हणून आधी कागदावर कॉलेजचा कोड आणि गाव लिहा, त्या कोडनेच फॉर्म भरा. भरून झाला की पीडीएफ छापा. एकाने कागदावरचं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पीडीएफवर बोट ठेवून बघायचं. बाबा वाचतील, रेवा बोट ठेवेल.

दोन वेगळे फॉर्म असतात हे दादाला पुन्हा सांगा. एक एमसीसीचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीचा: देशभरच्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा, सगळी एम्स, जिपमर आणि अभिमत विद्यापीठं. दुसरा सीईटी सेलचा: महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागा आणि राज्यातली खासगी कॉलेजं. केईएम दोन्हीकडे दिसेल, दोन्हीकडे भरा. पण एमसीसीची यादी आखूड ठेवा. महाराष्ट्रात जे मिळण्याची शक्यता दिसते, त्यापेक्षा जे खरंच बरं वाटतं तेवढंच तिथे. मुंबईची पाच, पुण्याचं बी. जे., नागपूरचं एम्स, आणि रेवाला मनापासून जायचं असेल अशी आणखी दहा-पंधरा. दुसऱ्या फेरीनंतर तिथे प्रवेश घेऊन बसलं की राज्याच्या यादीतून नाव निघतं, म्हणून दूरच्या गावाचं नाव उगाच तिथे लिहून ठेवू नका.

पहिल्या फेरीत समजा अलिबाग लागलं. आई लगेच म्हणेल, मिळालं ना, झालं. प्रवेश घ्यायचा, पैसे भरायचे, पण रिटेन्शनचा फॉर्म भरायचा नाही. तो भरला की 'मला हीच जागा हवी' असं झालं, पुढच्या फेऱ्या बंद. तो न भरता दुसऱ्या फेरीत नव्याने पसंतीक्रम द्यायचा. पण दुसऱ्या फेरीत वरचं काही मिळालं की अलिबागची जागा आपोआप दुसऱ्याला जाते, परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत अलिबागपेक्षा खरोखर आवडणारीच नावं असावीत, एकही खालचं नको. पहिली यादी लांब, दुसरी तिच्याहून आखूड, तिसरी आणखी आखूड. पहिल्या फेरीचीच चाळीस नावं पुन्हा तशीच टाकली की चांगलं सोडून खालचं पदरात पडू शकतं. माहितीपुस्तिकेतली रिटेन्शनची आणि फेऱ्यांच्या नियमांची पानं छापून खूण करून ठेवा, दर वर्षी त्यात थोडाफार बदल होतो.

आता एफडी. बाबा, अभिमतची फी वर्षाला वीस लाखांच्या वर असते. साडेचार वर्षांची झाली नव्वद लाख, त्यात मेस, होस्टेल, पुस्तकं नाहीत. एमसीसीत अभिमतसाठी नोंदवायचं तर आधी दोन लाख अनामत आणि पाच हजार नोंदणी. तुमची एफडी पहिल्या वर्षालाच संपते, उरलेल्या साडेतीन वर्षांचं काय? दादाने घरावर कर्ज काढायचं? तुमच्या औषधांचे पैसे त्यात आहेत. रेवाच्या शिक्षणासाठी तुम्ही ते देऊ शकता हे मला माहीत आहे, म्हणूनच मी आधी नको म्हणते आहे.

खासगी कॉलेजं मात्र पूर्ण सोडू नका. दादाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून) मिळालेल्या जागेवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. संस्थास्तरावरच्या कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. म्हणून यादीत सगळ्या सरकारींच्या खाली पाच-सहा खासगी ठेवू, फक्त कॅपच्या जागा. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी आधी बघून, आणि होस्टेल-मेसचा खर्च खिशातून जाईल हे धरून.

बॉण्डला घाबरू नका. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा द्यायची असते, नाही दिली तर दहा लाख. केईएमलाही तेच, मिरजेलाही तेच. त्यावरून क्रम बदलायची गरज नाही.

कागद आताच काढा. राज्यासाठी जातीचा दाखला, जात पडताळणी, चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेयर, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. एमसीसीला राज्याचं नॉन-क्रीमीलेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं, १ एप्रिलनंतर काढलेलं. तहसीलच्या रांगेत वेळ जातो, दादाने उद्याच अर्ज टाकावा. नोंदणीला जो मोबाइल दिला आहे त्यावर ओटीपी येतो; दादा रात्रपाळीला असला तर फोन घरी ठेवून जाऊ दे. शेवटच्या तासाला साइट अडते, म्हणून यादी मुदतीच्या आदल्या रात्रीपर्यंत लॉक झालेली हवी.

मी शनिवारी दुपारी येते. तोपर्यंत रेवाने वही लिहून ठेवावी. आणि बाबा, जात पडताळणीचं मूळ प्रमाणपत्र तुमच्या फाइलमध्ये नाही, झेरॉक्स आहे. मूळ प्रत लोखंडी कपाटातल्या वरच्या कप्प्यात, आईच्या पासबुकांखाली आहे. ती काढून ठेवा.

तुमची,
सुमी