घोड्यासाठी नियम आहेत, स्टंटवाल्यासाठी?

संपादक साहेब,
सिनेमात प्राणी वापरायचा तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, 2001 चे नियम आहेत, तरी 2021 ला हैदराबादजवळ शूटिंगमध्ये घोडा मेलाच. आणि माणसाचं काय? नोव्हेंबर 2016 मध्ये बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात दोन कन्नड कलाकारांना हेलिकॉप्टरमधून उडी मारायला लावली, नीट पोहता येत नाही हे त्यांनी आधीच सांगितलेलं, अंगात लाइफ जॅकेट नाही, बोट वेळेवर पोचली नाही, दोघंही बुडाले, सोबत उडी मारलेला सिनेमाचा हीरो तेवढा वाचला. अजून संताप होतो. आपल्याकडेही शूटिंगची परवानगी देताना अँब्युलन्स, पाणबुडे, विमा हे सगळं आहे का ते कुणीतरी सेटवर जाऊन बघायलाच पाहिजे, नुसत्या कागदावर नको.

– एक वाचक, ठाणे