लाल की हिरवी?

प्रिय आई, बाबा,

रविवारी फोन ठेवल्यापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. बाबा, तुम्ही म्हणालात, "अगं दिलं शटर त्या मोबाईल कव्हरवाल्याला, आपलं काय, एक खानावळ होती, असल्या छप्पन्न असतात कोल्हापुरात." आणि लगेच विषय बदललात, पाऊस किती झाला, पंचगंगा कुठवर आली होती वगैरे. मी पण नुसतं हो हो करत बसले. फोनवर मला असलं काही नीट बोलता येत नाही, मागे कुकर शिट्ट्या मारत असतो, आई मध्येच विचारते जेवलीस का, म्हणून टाईप करतेय. लांबलचक होणारे, सावकाश वाचा, डोळे दुखले तर दादाला मोठ्याने वाचायला सांगा.

इथे अल्बुकर्कीला सध्या मिरची भाजायचे दिवस आहेत. आई, तू हे बघायलाच पाहिजेस गं. दुकानांच्या पार्किंगमध्ये लोखंडी जाळीचे मोठे पिंप आडवे बसवलेले असतात, खालून गॅसचा भडका, आत पोतंभर हिरव्या मिरच्या ओततात आणि पिंप गरगर फिरवतात. मिरच्या तडतडतात, साल काळं पडून उडायला लागतं, आणि तो वास! मी पहिल्या वर्षी बसमधून उतरले आणि तो वास आला तेव्हा तिथेच उभी राहिले, कारण तो तुझ्या ठेच्याचा वास होता, तव्यावर मिरच्या टाकून वरून वाटी दाबतेस ना, अगदी तो. इथल्या लोकांना त्याचं इतकं प्रेम आहे की 2023 साली राज्याने कायदा करून हिरवी मिरची भाजल्याचा वास हा राज्याचा अधिकृत वास ठरवला. खरंच सांगतेय. भाजलेल्या गरम मिरच्या पिशवीत कोंबून देतात, त्या घामेजल्या की साल निघतं, मग घरोघरी बायका-पुरुष टेबलाभोवती बसून सालं काढतात आणि लहान लहान पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाकतात, वर्षभराची बेगमी. आपल्याकडे एप्रिलमध्ये कांदा-लसूण मसाल्याचं चालतं तसं, ब्याडगी किती, संकेश्वरी किती, डंकावर कोण जाणार. शेजारच्या आजी दरवर्षी दक्षिणेतल्या हॅचची मिरची आली का म्हणून आठवडाभर चौकशी करत असतात, दुसऱ्या गावची चालत नाही त्यांना.

हे न्यू मेक्सिको, अमेरिकेतलंच राज्य, आई तू अजून शेजारच्या काकूंना मी मेक्सिकोत आहे असं सांगतेस! 1848 पर्यंत हा भाग मेक्सिकोत होता, राज्य झालं ते 1912 साली, त्यामुळे इथलं खाणं धड हे नाही धड ते नाही, स्वतःचंच आहे. बर्गर अमेरिकेचाच पण त्यावर भाजलेली हिरवी मिरची, अ‍ॅपल पायमध्ये पण कुणी कुणी हिरवी मिरची घालतात आणि ती चांगली लागते. मला आवडतं ते हे, की बाकी देशात सगळीकडे तीच ती चेन हॉटेलं असताना इथल्या माणसांनी आपली चव सोडली नाही.

आणि बाबा, आता ऐका. इथे कुठल्याही साध्या हॉटेलात बसलात आणि ऑर्डर दिलीत की वाढणारी बाई विचारते, लाल की हिरवी? म्हंजे वर चिलीचा रस्सा कुठला घालू. हा प्रश्न राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, झाड असावं पक्षी असावा तसा प्रश्न! मिरची एकच, कोवळी काढून भाजली की हिरवी, झाडावर पिकवून वाळवली की लाल. आणि दोन्ही पाहिजे असेल तर म्हणायचं, ख्रिसमस. पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला, खांद्यावर पंचा, हातात पळी, "पाव्हणं, तांबडा की पांढरा?" आणि कुणी नवखा बावरला की तुम्हीच म्हणायचात, "दोन्ही घ्या, घरचंच आहे." मी त्या दिवशी दोन्ही घेतलं.

आता एक गोष्ट सांगते जी तेव्हा सांगितली नव्हती, रागावू नका. दोन वर्षांमागे नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली होती. काँट्रॅक्ट वाढवू म्हणाले होते आणि एका शुक्रवारी मेल आला, संपलं. तुम्हाला मी सांगितलं की काम जास्त आहे म्हणून फोन कमी करतेय. घरी बसलं की भिंती अंगावर यायच्या, म्हणून मी रोज सकाळी फ्रंटियरला जाऊन बसायचे. युनिव्हर्सिटीच्या समोर, रूट 66 नावाच्या जुन्या हायवेवर, 1971 पासून चालू असलेलं हॉटेल आहे, एकाला एक जोडलेल्या खोल्याच खोल्या, भिंतीवर जॉन वेन नावाच्या जुन्या नटाची मोठमोठी चित्रं. काउंटरला रांग लावायची, आपलं आपण ताट उचलून आणायचं. तिथे विद्यार्थी पुस्तकं पसरून बसलेले, रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स, बांधकामावरचे लोक, प्रोफेसर, घर नसलेला एखादा म्हातारा पण कॉफी घेऊन कोपऱ्यात, सगळे त्याच रांगेत. संत्र्याचा रस समोर काढलेला, टॉर्टिया म्हंजे त्यांच्या मैद्याच्या चपात्या तिथेच केलेल्या आणि दालचिनीचा तो स्वीट रोल, हाताएवढा, लोण्यात भिजलेला, गरम असतो तेव्हा मधला मऊ भाग आधी खायचा असतो, कडा नंतर कॉफीत बुडवून. मी बहुतेक वेळा वेव्होस रांचेरोस घ्यायचे, दोन अंडी, खाली चपाती, बाजूला शिजवलेला पिंटो घेवडा, वरून हिरवा रस्सा. चार-चार तास लॅपटॉप घेऊन बसायचे, अर्ज भरत. एकदाही कुणी ऊठ म्हटलं नाही. एक वयस्कर बाई टेबलं पुसायच्या, त्या रोज माझ्या टेबलापाशी आल्या की फक्त कप बाजूला करून पुसायच्या आणि कप परत जागेवर ठेवायच्या, कान माझ्या उजव्या हाताकडे करून. बस एवढंच. पण मला त्या सात आठवड्यांत तेवढं पुरलं.

बाबा, तेव्हा मला तुमची लाल वही कळली. लहानपणी मला वाटायचं, आई का चिडते त्या वहीवरून, पोरांची मनीऑर्डर आली नाही की तुम्ही नुसतं नाव लिहून ठेवायचात आणि ताट द्यायचात. तो गडहिंग्लजचा पोरगा आठवतो का, चार महिने खाडा न करता जेवला आणि पैसे द्यायला आला तेव्हा तुम्ही म्हणालात दोन महिन्यांचे दे, दोन महिने तू चपात्या कमी खाल्ल्यास. आई त्या रात्री तुमच्याशी बोलली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्याला डब्यात लाडू पण तिनेच दिले होते, मी पाहिलंय.

खरं सांगायचं होतं ते पुढे आहे. इथे जेम्स बिअर्ड फाउंडेशन नावाची संस्था आहे, तिचे पुरस्कार म्हंजे अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांसाठी सगळ्यात मोठा मान. मोठमोठे शेफ, पांढरे टेबलक्लॉथ, त्या सगळ्यांना मिळतातच. पण 1998 पासून त्यांनी एक वेगळा पुरस्कार ठेवलाय, अमेरिकाज क्लासिक्स म्हणून, तो फक्त गावातल्या, मालकाच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं लोकांनी जपलेल्या हॉटेलांना. आमच्या अल्बुकर्कीत फोर्थ स्ट्रीटला मेरी अँड टीटोज म्हणून छोटंसं हॉटेल आहे, नवराबायकोने 1963 साली काढलेलं, नावच दोघांचं. बाहेरून बघितलं तर कुणी थांबणार पण नाही. त्यांचा लाल चिली प्रसिद्ध. 2010 साली त्यांना तो पुरस्कार मिळाला. टीटो तेव्हा नव्हते, मेरी होत्या. इथल्याच सांता फे शहरातल्या द शेड हॉटेलाला 2003 मध्ये मिळाला, चिमायो गावातल्या रांचो दे चिमायोला 2016 मध्ये. माझ्या ऑफिसातली एक मुलगी नॅशव्हिलची आहे, ती सांगते की त्यांच्याकडे मीट अँड थ्री म्हणतात, एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या एका ताटात, कामगारांची दुपारची थाळीच की, आणि तिथल्या अर्नॉल्ड्स कंट्री किचनला पण हाच मान मिळालाय, 2009 ला.

तर बाबा, हे कुणाला देतात ते नीट बघा. नवीन पदार्थ काढला म्हणून देत नाहीत. रोज तेच, तसंच, तितक्याच मनापासून केलं आणि गावाने ते आपलं मानलं, म्हणून देतात. तुम्ही सदतीस वर्षं पहाटे चारला उठून मंडईत गेलात, आई सदतीस वर्षं चुलीपुढे, मग गॅसपुढे, एकाच चवीचा तांबडा रस्सा. मी मेरी अँड टीटोजमध्ये चीज एन्चिलाडावर लाल चिली घेऊन बसले होते, मक्याच्या चपात्यांच्या मध्ये चीज, वर दाट मातीच्या रंगाचा रस्सा, आधी काहीच लागत नाही आणि मग जिभेच्या मागून हळूहळू तिखट वर येतं, आणि मला वाटलं, हे तर आमच्याच घरचं आहे. असल्या छप्पन्न नसतात, बाबा. असं पुन्हा म्हणू नका, निदान माझ्यासमोर तरी नको.

अजून एक तुम्हाला आवडेल असं. इथून दक्षिणेला दीड तासावर सॅन अँटोनियो म्हणून एवढंसं गाव आहे. तिथे आउल बार म्हणून हॉटेल आहे, 1945 सालचं, हिरव्या मिरचीच्या चीजबर्गरसाठी लोक लांबून येतात, पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीची जागा त्याच भागात आहे, आणि ते शास्त्रज्ञ इथे जेवायला यायचे असं सांगतात. मी बीफ खात नाही हे तुम्हाला माहितीय, मी नुसत्या तळलेल्या बटाट्यांवर हिरवी मिरची घालून खाल्ली आणि बाकीच्यांकडे बघत बसले. पण याच गावात कॉनरॅड हिल्टन जन्मला, हिल्टन हॉटेलवाला! त्याच्या वडिलांचं दुकान होतं, धंदा बसला तेव्हा घरातल्याच खोल्या प्रवाशांना द्यायला लागले आणि पोरगं स्टेशनवर जाऊन गिऱ्हाईक घेऊन यायचं, घरची बाई जेवण करायची. तिथून सुरुवात. दादा लहानपणी एसटी स्टँडवर उभा राहून "जेवणाची सोय" ओरडायचा ना, त्याला हे सांगा.

आई, तुला आवडेल ती फ्रिटो पाय. नावात पाय आहे पण गोड नाही. मक्याच्या कुरकुरीत चिप्स, त्यावर गरम घेवडा आणि लाल चिलीचा रस्सा, वर कांदा, चीज. अगं ही मिसळच आहे! खालचं वर गेलंय इतकंच. चिप्स मऊ पडायच्या आत खायची, तशीच घाई, तसंच नाक पुसत. आणि सोपापिया म्हंजे आपली पुरी समज, चौकोनी, टम्म फुगलेली, टेबलावर मधाची बाटली असतेच, पुरीचा कोपरा फाडायचा, आत मध ओतायचा. तिखट लागलं की तोच उपाय. मी तर म्हणते आपल्याकडे रश्श्याबरोबर हे ठेवायला पाहिजे होतं.

आणि हे मला कुणीतरी शाळेत सांगायला हवं होतं की मिरची आपल्याकडे आलीच मुळी अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून, गोव्याला. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटाला मिरी होती. म्हंजे तांबडा रस्सा ज्यावर उभा आहे ती मिरची इकडची, मी तिच्याच माहेरी येऊन राहिलेय. तेव्हा तिथे मुलगी काय खात असेल ही काळजी जरा कमी कर. मला जेवायला घालणारी माणसं इथे आहेत, आणि ती तुमच्यासारखीच आहेत.

आता कामाचं. डिसेंबरच्या वीस तारखेला येतेय, तिकीट काढलंय. खानावळीचा बोर्ड भंगारवाल्याला देऊ नका, दादाला सांगून काढून आणा आणि गच्चीवर ताडपत्रीत गुंडाळून ठेवा, गंज लागला असला तरी चालेल. पितळी पळी आणि ती लाल वही मला पाहिजे, मी विचारून ठेवतेय. वहीतली ज्यांची नावं खोडायची राहिलीत ती तशीच राहू देत. आई, मसाला दोन किलो काढून ठेव, मी इथल्या लाल मिरचीची पूड आणतेय, तुझ्या रश्श्यात एकदा घालून बघू, बाबा चाखून सांगतील कमी काय आहे ते.

गुडघ्याला तेल लावत जा दोघांनी. मी आता निघते, शेजारच्या आजींनी मिरच्या सोलायला बोलावलंय, तीस पौंडाचं पोतं आहे.

तुमची,
सोनू