गाण्याचा हक्क आणि न गाण्याचाही

महोदय,

राष्ट्रगीताच्या वेळी कोणाचे ओठ हलत नव्हते, याची चर्चा अलीकडे फार होते. ती मराठवाड्यात व्हावी, हे मला विशेष खटकते. १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, ती चळवळ उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचली आणि निजाम राजवटीत शिक्षणाची दारे बंद झालेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे गाण्याची मोकळीक होती.

१९८५ मध्ये केरळातील तीन भावंडांना मात्र राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढण्यात आले. ती मुले आदराने उभी राहत; धार्मिक श्रद्धेमुळे केवळ गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. (चित्रपटगृहांतील सक्ती याच न्यायालयाने २०१६ मध्ये आणली व २०१८ मध्ये मागे घेतली, हेही खरे.) राष्ट्रगीतात मुद्दाम व्यत्यय आणणारा १९७१ च्या कायद्यानुसार शिक्षेस पात्र ठरतो आणि ते योग्यच आहे; परंतु शांतपणे उभा राहणारा माणूस कोणता व्यत्यय आणतो?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शालेय कार्यक्रमांचा बराचसा वेळ पाहुण्यांच्या सत्कारात जातो. १७ सप्टेंबरला १९३८ चा लढा आणि १९८६ चा निकाल, दोन्ही मुलांना एकत्र सांगितले जावेत, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी