मार्क ट्वेन यांचे दिवाळे नेमके कशाने निघाले?

संपादक महोदय,

मार्क ट्वेन यांच्यावर मराठीत काही छापून आले की एक वाक्य त्यात हटकून असते : ‘कुठल्याशा छपाईयंत्राच्या नादी लागून त्यांचे दिवाळे निघाले.’ लेखक थोर, पण व्यवहारात भाबडा, असे चित्र त्यातून उभे राहते. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मुळात ते छपाईयंत्र नव्हे, खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरे, जुळवणारे यंत्र होते. आणि ट्वेन या धंद्यात नवखे नव्हते. १८४७ मध्ये वडील वारले आणि लवकरच ते हॅनिबल या आपल्या गावच्या छापखान्यात उमेदवारीला लागले. पुढे सेंट लुइस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया इथे खिळाजुळारी म्हणून राबले. वेळ कुठे जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते. केसमधून, म्हणजे खणाखणांच्या पेटीतून, खिळे उचलून स्टिक या हातातल्या पट्टीत ओळ लावायची. ती दोन्ही कडांना नेमकी बसावी म्हणून शब्दांमधले स्पेस बदलत राहायचे, हे जास्त किचकट. आणि छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा केसमधल्या ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. यात तासन्‌तास जातात आणि नवी ओळ एकही तयार होत नाही. ट्वेननी ज्यात पैसा ओतला ते संशोधक जेम्स पेज यांचे यंत्र ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या हाताखाली करू पाहत होते. ५ जानेवारी १८८९ रोजी दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी यंत्राने स्वतः स्पेस घालून ओळ बसवली, तेव्हा ट्वेननी त्याच दिवशी भाऊ ओरायन यांना पत्र लिहिले. ओरायनही मुद्रकच, त्या ओळीचे मोल त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मग बिघडले कुठे? यंत्राचे सुटे भाग सुमारे १८,०००. ते माणसाच्या हाताची नक्कल करत असल्याने शिशाचा एकेक नाजूक खिळा त्यातून फिरायचा. एक जरी तुटला की सगळे ठप्प. त्यात पेज यांना सुधारणांचा सोस. चालते यंत्र ते पुन्हा खोलून बसत. तिकडे मर्गेंथालर यांचे लायनोटाइप हे प्रतिस्पर्धी यंत्र १८८६ मध्येच ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात कामाला लागले होते. त्यात सुटे खिळे नव्हतेच. अक्षरांच्या पितळी साच्यांची ओळ लावायची, मधल्या पाचरी वर रेटून ती ताणून बसवायची, वितळलेला धातू ओतून अख्खी ओळ पाडायची आणि काम झाल्यावर तीच वितळवायची. खिळे घरात परत टाकणे कायमचे मिटले. १८९४ च्या अखेरीस ‘शिकागो हेरल्ड’ या वृत्तपत्रातील चाचणीत पेज यांचे यंत्र वारंवार अडले आणि विषय संपला. ट्वेन यांचे जवळपास ३ लाख डॉलर त्यात गेले.

दिवाळे मात्र त्याआधीच, एप्रिल १८९४ मध्ये निघाले, आणि ते त्यांच्या चार्ल्स एल. वेब्स्टर या प्रकाशनसंस्थेचे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जनरल ग्रँट यांच्या आठवणी छापून त्यांच्या पत्नीला १८८६ मध्ये २ लाख डॉलरचा धनादेश देणारी हीच संस्था. तिला बुडवले अमेरिकन साहित्याच्या ११ खंडांच्या संचाने. तो हप्त्यांवर विकला जाई. कागद, बांधणी, विक्रेत्याचे कमिशन आधी रोख मोजायचे आणि गिऱ्हाइकाचे पैसे महिन्या-महिन्याने येणार! खप वाढेल तसतसे कर्ज वाढत गेले. १८९३ च्या मंदीत कर्ज मिळेनासे झाले, आणि यंत्राने सगळी पुंजी शोषल्यामुळे संस्थेला सावरायला ट्वेन यांच्या गाठीला काही उरले नव्हते. दोन्ही व्यवहारांचा संबंध एवढाच.

धनकोंशी तडजोड करून, काही हिस्सा देऊन सुटता आले असते. पत्नी ऑलिव्हिया यांनी पै न्‌ पै फेडायचा आग्रह धरला, ‘स्टँडर्ड ऑइल’ या तेल कंपनीचे हेन्री रॉजर्स यांनी हिशेब हाती घेतला आणि साठीला टेकलेले ट्वेन जगभर व्याख्याने देत निघाले. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरले, नॉव्हेल्टी थिएटरात बोलले. म्हणजे तिकीट काढून आलेल्या मुंबईकरांचाही त्या फेडीला हातभार लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आई-वडील दूर असताना, त्यांची मुलगी सूझी त्यांच्या हार्टफर्डच्या घरी वारली. तरी १८९८ च्या सुरुवातीला सगळे देणे फिटले होते.

हार्टफर्डच्या त्याच घराचे आता संग्रहालय झाले आहे आणि पेज यांचे उरलेले एकमेव यंत्र तिथे ठेवलेले आहे. ट्वेन यांच्यावर पुढचा लेख छापाल तेव्हा त्या यंत्राचे छायाचित्र द्यावे, आणि यंत्राचे नुकसान व संस्थेचे कर्ज ही दोन खाती वेगवेगळी मांडावीत, ही विनंती.

— एक मुद्रक-वाचक, पुणे