बोंबील, बदक आणि माझं पाप

माझगाव, मुंबई
१२ जुलै

प्रिय विन्या,

परवा फोनवर तुझ्याबरोबर हसलो खरा, पण मनाला रुखरुख लागून राहिली. बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ का म्हणतात, याची सासरच्या पाहुण्यांना तू तीच गोष्ट ऐकवलीस म्हणे: सुक्या बोंबलाची पोती मेलगाडीने कलकत्त्याला जायची, डब्याला वास सुटायचा, साहेब नाक दाबून ‘बॉम्बे डाक’ म्हणायचा आणि त्या डाकचं झालं ‘डक’. कॉलेजात ही गोष्ट तुला मीच सांगितली होती, तेव्हा पाप माझंच.

अरे, आपली पहिली आगगाडी १८५३ची, बोरीबंदर ते ठाणे. तेवढ्यासाठी साहेब कशाला नाक दाबेल? मुंबई-कलकत्ता रूळ जुळले १८७०मध्ये. आणि ‘बॉम्बे डक’ हे नाव १८६०च्या एका इंग्रजी पुस्तकात छापलंय, तेही ब्रह्मदेशावरच्या! तू म्हणशील, डाक काय रेल्वेआधीही होती, हरकारे होते. होते ना. पण पत्रांच्या थैलीत बोंबील कोण कोंबेल लेका?

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६चा अँग्लो-इंडियन शब्दकोश चाळत बसलो होतो. नाव कुठून आलं यावर तोही हात वर करतो. पण त्यात एक गंमत आहे. काळा घोड्याचं कॉलेज ज्याच्या नावाचं, त्या एल्फिन्स्टनने १८०३मध्येच मुंबईच्या गोऱ्या फौजेला ‘डक्स’ म्हटलंय. बंगालचे गोरे ‘क्वी-हाय’, कारण नोकराला सारखं ‘कोई है’ म्हणून ओरडायचे. मद्रासचे ‘मल्स’, ‘मलिगटॉनी’ या मिरीच्या सारावरून. आता मद्रासवाले सारावरून ओळखले जात असतील, तर मुंबईवाले बोंबलावरून का नाहीत? माझा कौल माशाला. सिद्ध करता येणार नाही, पण तुझ्या मेलगाडीपेक्षा बरा.

खरी मजा तर पुढेच. १६७३च्या सुमारास फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईत आला. त्याने माझगावबद्दल लिहिलंय: मोठं कोळ्यांचं गाव, ‘बंबेलो’ नावाच्या माशासाठी प्रसिद्ध, गरिबांचा आधार. माझगाव, विन्या! माझ्या खिडकीतून आज गोदीच्या क्रेन दिसतात, त्या जागचं हे वर्णन. म्हणजे साहेबाच्या कानावर आधी आपला बोंबीलच पडला होता, जरा वेडावाकडा. बदक मागाहून आलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथली कुणी कोळीण टोपली उतरवून ‘बोंबील’ म्हणाली असेल आणि हा वहीत लिहून घेत असेल. परवापासून हेच डोक्यात घोळतंय.

सध्या मासेमारी बंद, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावर शुकशुकाट. घरी सुक्या बोंबलाचं कालवण, वांगं घालून. शेजारचे खिडक्या लावून घेतात. नारळी पौर्णिमा झाली की ये. ओले बोंबील रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवू, पाणी निथळलं की रव्यात घोळवून तळू.

तोवर वंदाताई शनिवारी डेक्कन क्वीनने निघतेय, तिच्याबरोबर अर्धा किलो सुके पाठवतोय. तीन पिशव्यांत बांधलेत. तरी डब्यातले लोक तिला काय काय बोलले, ते मात्र कळव.

तुझा,
बाळ्या